सूत्र, दृष्टान्त आणि पूर्वपक्ष : मराठी वक्तृत्वाची रचनातत्त्वे

वक्तृत्व ही उपजत देणगी आहे, हा समज मराठीच्या अभ्यासकवर्गातही रूढ आहे. त्याचे परिणाम दुहेरी आहेत. ज्याच्याजवळ आवाज आणि धिटाई आहे त्याला शिक्षणाची गरज वाटत नाही. ज्याच्याजवळ ती नाहीत तो प्रयत्नच सोडून देतो. महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांमधून या समजाला खतपाणीच मिळते. लिहून पाठ केलेले भाषण, ठरलेल्या जागी चढणारा आवाज आणि शेवटी टाळीचे वाक्य, असा तेथील साचा असतो. हाच विद्यार्थी पुढे अध्यापक होतो. वर्गात मध्येच एखादी शंका आली की त्याचा धागा तुटतो आणि तो टिपणवही उघडून वाचू लागतो. पाठांतर आणि वक्तृत्व यांतील फरक येथे उघडा पडतो. वक्त्याला वाक्ये आठवावी लागत नाहीत. त्याला विषयाची रचना ठाऊक असावी लागते. अशा रचनेची तत्त्वे मराठीच्या मौखिक परंपरेत सापडतात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दृष्टान्तपाठाची त्रिपदी

श्रीचक्रधरांच्या निरूपणातील दृष्टान्तांचे केशिराजबासांनी जे संकलन केले, त्या ‘दृष्टान्तपाठा’ची मांडणी सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक अशी तिहेरी आहे. सूत्रात सिद्धान्त येतो, दृष्टान्तात लौकिक व्यवहारातील प्रसंग येतो आणि दार्ष्टान्तिकात त्या प्रसंगाचा सिद्धान्ताशी असलेला संबंध उलगडला जातो. जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिल्याची कथा सर्वपरिचित आहे. परंतु कथा सांगून निरूपण थांबत नाही. प्रत्येकाला हाती लागलेला अवयव म्हणजेच पूर्ण हत्ती वाटला, हे आंशिक ज्ञानाला कसे लागू पडते, तेही सांगावे लागते.

आजच्या भाषणांमध्ये सर्वाधिक उणीव भासते ती या तिसऱ्या अंगाची. वक्ता किस्सा रंगवतो, श्रोते हसतात आणि वक्ता पुढच्या किश्श्याकडे वळतो. श्रोत्यांच्या स्मरणात किस्सा उरतो. तो कशासाठी सांगितला हे उरत नाही. दार्ष्टान्तिकावाचून दृष्टान्त हे केवळ रंजन होय.

२. कीर्तनाची बांधणी

नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात मूळ पदाचे निरूपण होते, मध्ये नामगजर होतो, उत्तररंगात आख्यान येते आणि अखेरीस कीर्तनकार पुन्हा मूळ पदावर येतो. या बांधणीत श्रोत्यांच्या अवधानाचा विचार आहे. आधी तत्त्व, मग विसावा, मग कथा. आणि कथा तत्त्वाला पुष्टी देणारीच हवी, हे बंधन. शेवटी मूळ पदाशी परतण्याच्या संकेतामुळे विषयांतर कितीही झाले तरी परतीची जागा निश्चित असते. ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकात समर्थांनी कीर्तनाच्या लक्षणांना स्वतंत्र समास दिला आहे. कीर्तन शिकता येते, ही श्रद्धा त्यामागे आहे.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांनी हीच कला वेगळ्या वळणाने नेली. कर्ज काढून केलेले सण, दारू, पशुबळी, अस्वच्छता हे त्यांचे विषय आणि वऱ्हाडी बोली हे त्यांचे माध्यम. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तरे घेत आणि त्या उत्तरांतूनच पुढचा प्रश्न उभा करीत. निष्कर्ष श्रोत्यांच्याच तोंडून येई. संवादी अध्यापनाचा याहून जवळचा आदर्श मराठी अध्यापकाला क्वचितच सापडेल.

३. पूर्वपक्षाची शिस्त

भारतीय शास्त्रचर्चेत विषय, संशय, पूर्वपक्ष आणि सिद्धान्त असा क्रम मानला आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावे आणि मगच खंडन करावे, हा त्याचा गाभा. पुण्यात १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. अशा व्याख्यानमालांतून वैचारिक व्याख्यान महाराष्ट्रात स्थिरावले, तेव्हा ही शिस्त नव्या रूपात उपयोगी पडली. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या व्याख्यानांचे सामर्थ्य पुष्कळ अंशी याच शिस्तीत आहे. रूढ समजूत कोणत्या कारणांनी पटते हे ते आधी दाखवितात. त्यामुळे पुढचे खंडन श्रोत्याला स्वतःच्या विचाराचीच पुढची पायरी वाटते.

४. उपयोजन

या तत्त्वांचा अभ्यास कसा करावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘प्रमाणभाषा आणि बोली’ या विषयावर दहा मिनिटे बोलावयाचे आहे, असे समजू. सूत्र असे : प्रमाणभाषा ही प्रतिष्ठा लाभलेली एक बोलीच होय. पूर्वपक्ष असा : प्रमाणरूप नसेल तर पाठ्यपुस्तके आणि शासनव्यवहार चालणार नाहीत. हा आक्षेप खरा आहे आणि तो तसा मान्य करावा. दृष्टान्तासाठी ‘तो जाऊन राहिला’ ही ‘तो जात आहे’ या अर्थाची वऱ्हाडी रचना घ्यावी. दार्ष्टान्तिक असे : ही रचना बोलणारा चुकत नाही, तो आपल्या बोलीचा नियम पाळतो, म्हणून प्रमाणभाषेची गरज मान्य करूनही बोलीला अशुद्ध म्हणता येत नाही. मग पुन्हा सूत्र.

वक्त्याने कागदावर एवढ्या चारच ओळी लिहाव्यात. वाक्ये लिहू नयेत. त्याच टिपणावरून तीनदा बोलावे आणि प्रत्येक वेळी वाक्ये वेगळी येऊ द्यावीत. तिसऱ्या वेळी एखाद्या सहाध्यायाने मध्येच प्रश्न विचारावा. उत्तर देऊन वक्ता सूत्राकडे परतला, तर रचना आत्मसात झाली असे समजावे. परतता आले नाही, तर दोष बहुधा आवाजाचा किंवा धिटाईचा नसतो. सूत्रच संदिग्ध असते.

सभाभीतीचाही विचार येथे करावा लागतो. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द विसरला तरी पुढचा मार्ग बंद होतो. भीतीचे ते एक मोठे कारण आहे. रचना हाती असलेल्या वक्त्याला शब्द विसरण्याचे भय उरत नाही, कारण एका अर्थाकडे जाणारे शब्द अनेक असतात.

सारांश, मराठीच्या मौखिक परंपरेने वक्तृत्वाकडे शिकण्याजोगी विद्या म्हणून पाहिले आहे. ‘दृष्टान्तपाठ’ आणि कीर्तनपरंपरा यांचा अभ्यास पदव्युत्तर वर्गात वाङ्मयेतिहासाचा भाग म्हणून होतो. त्यांतील रचनातत्त्वे विद्यार्थ्यांच्या बोलण्यात उतरली, तर तो अभ्यास परीक्षेपुरता उरणार नाही आणि उद्याच्या अध्यापकाला वर्गातील प्रश्न हा अडथळा वाटणार नाही.