परक्या देशातील तरुण : दानीएलापासून वळिवड्यापर्यंत

वाचन : दानीएल १:१-१७; यिर्मया २९:४-७; मत्तय २:१३-२३



१९१४ पासून ख्रिस्तसभा स्थलांतरित व निर्वासितांसाठी वर्षातून एक दिवस पाळत आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगातील सुमारे १२ कोटी ३२ लाख लोक युद्ध, छळ व हिंसाचार यांमुळे घरादाराला पारखे झालेले होते. त्यांत शंभरातील सुमारे चाळीस जण १८ वर्षांखालील होते. एवढे मोठे आकडे मनात ठरत नाहीत. म्हणून आज आपण काही मुलांकडे पाहू या.

पहिली चार मुले जुन्या करारातील आहेत. राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमहून दानीएल व त्याच्या तीन सोबत्यांना बाबेलला नेले. तेथे त्यांच्यापुढे तीन गोष्टी आल्या. पहिली भाषा : तीन वर्षे त्यांना खास्द्यांची भाषा व विद्या शिकायची होती. दुसरी नाव : चौघांच्याही मूळ नावांत परमेश्वराचे नाव गुंफलेले होते, ते काढून त्यांना बाबेली नावे दिली गेली. तिसरी ताट : राजाच्या पंक्तीचे अन्न त्यांच्यासाठी नेमले गेले.

दानीएलाने काय केले ते नीट पाहा. भाषा तो मन लावून शिकला. नवे नाव ऐकून घेतले. अन्नाच्या बाबतीत मात्र तो अडला, कारण तेथे त्याचा देवाशी असलेला करार गुंतला होता. नव्या देशात जुळवून घेणे वेगळे आणि विरघळून जाणे वेगळे. शिकल्याने माणूस वाढतो. आपले सत्त्व सोडल्याने तो रिकामा होतो. कोणती गोष्ट कोणत्या खात्यात घालायची, हे ठरवणे परक्या मुलखातील तरुणाला सर्वांत अवघड जाते. आणि ते त्याला कोवळ्या वयात, बहुधा एकट्यानेच ठरवावे लागते.

दुसरी मुले आपल्या महाराष्ट्रातील आहेत. १९४० व १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधील हजारो कुटुंबांना सोव्हिएत सत्तेने सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. भूक, थंडी व रोगराईने अनेक जण दगावले. १९४१ च्या करारानंतर सुटका झालेल्यांपैकी काही लोक इराणमार्गे भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले. वसाहतीत त्यांचे चर्च होते, त्यांच्या भाषेतील शाळा होत्या, दवाखाना होता, स्काउटची पथके होती.

या मुलांना सावरायला काय उपयोगी पडले? पोटभर अन्न तर खरेच. त्याबरोबरच मातृभाषेतील शाळा, रविवारची मिस्सा आणि आपल्या सणांचे दिवस. पायाखाली स्वतःची थोडी जमीन असली की नव्या मुलखाकडे पाहण्याचे धैर्य येते. पण युद्ध संपल्यावर त्यांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. काही जण पोलंडला परतले. पुष्कळांना इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पोलिश निघून गेल्यावर त्याच वसाहतीत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली. आज ती जागा कापडाच्या मोठ्या बाजारपेठेसाठी ओळखली जाणारी गांधीनगर आहे. ज्यांना कालपर्यंत आपण आश्रित म्हणत होतो, त्यांच्या दुकानातून आज आपण कपडे घेतो.

या मुलांच्या वाट्याला आणखी एक कष्ट येतात, ज्यांकडे आपले लक्ष जात नाही. मूल नवी भाषा लवकर शिकते, आईवडील मागे राहतात. मग कचेरीत, दवाखान्यात, दुकानात बापाच्या वतीने लेकरू बोलते. घरातील जागा उलटतात. बापाला ओशाळे वाटते, मुलाला बापाची लाज वाटू लागते. अशा घराला दटावणीपेक्षा सोबतीची अधिक गरज असते.

पाबळमध्ये निर्वासितांची छावणी नाही. पण रांजणगावच्या कारखान्यांत परप्रांतातून माणसे येतात. वीटभट्टीवर व शेतांत बाहेरगावची कुटुंबे राबतात. ती निर्वासित नव्हेत, हा फरक आपण विसरू नये. तरीही त्यांच्या मुलांपुढे भाषा, नाव व ताट हे तीन प्रश्न उभे आहेतच. वर्गात त्यांच्या बोलीला हसले जाते. नावाऐवजी ‘भय्या’ म्हणून हाक मारली जाते. अनेकांकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो, म्हणून पालक शाळेची पायरीच चढत नाहीत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, व त्याला त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात घ्यायचे असते. एवढी माहिती त्या आईपर्यंत पोचवणे आणि तिच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जाणे, हीसुद्धा ख्रिस्ताची सेवा आहे.

दानीएलाच्या कथेत एक माणूस आपण सहसा विसरतो : मुलांवर नेमलेला कारभारी. त्याने दानीएलाचे म्हणणे ऐकले आणि डाळभाजी व पाण्यावर राहून पाहण्यासाठी दहा दिवसांची मुदत दिली. तो इस्राएली नव्हता. पण त्याने मुदत दिली नसती तर दानीएलाच्या निष्ठेचा मार्ग फारच खडतर झाला असता. आज आपण बहुतेक जण दानीएलाच्या जागी नसून त्या कारभाऱ्याच्या जागी आहोत. येशूबाळालाही मिसर देशात कोणीतरी शेजार दिलाच असेल. त्या शेजाऱ्याचे नाव शुभवर्तमानात नाही, पण परमेश्वराला ते ठाऊक आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या संदेशात निर्वासितांसंबंधी चार कर्तव्ये सांगितली : स्वागत करणे, संरक्षण देणे, उन्नतीस हातभार लावणे व समाजात सामावून घेणे. यांपैकी पहिल्याची सुरुवात तरी या आठवड्यात आपल्या हातून व्हावी.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. आपल्या आळीत बाहेरून आलेले कोणते कुटुंब आहे? त्यांच्या मुलांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?
२. आपली मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर जातात, तेव्हा त्यांनी काय शिकावे व काय सोडू नये असे आपल्याला वाटते?
३. आपण कोणाला ‘दहा दिवस’ देऊ शकतो?

प्रार्थना : हे प्रभो, तू बालपणीच परका देश पाहिलास. घर गमावलेल्या मुलांना तुझी सोबत दे, आणि आमच्या दारी आलेल्यांना आमचा शेजार लाभू दे. आमेन.