हातचे घ्यावे की थांबावे?



‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ असे आपल्याकडे म्हणतात. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ असेही म्हणतात. मुलाला आखाती देशातल्या नोकरीचे पत्र येते आणि बँकेच्या परीक्षेचा निकाल अजून तीन महिने लांब असतो, तेव्हा यातली कोणती म्हण ऐकायची? मुलीला चांगले स्थळ सांगून येते, तिलाही ते आवडते, पण घरची वडीलधारी माणसे म्हणतात, “थोडे थांबू या, याहून चांगले येईल.” अशा वेळी काय करावे? बायबल आणि संतांचे जीवन या बाबतीत आपल्याला काय शिकवते, ते आज पाहू या.

प्रत्येक संधी देवाने दिलेली नसते

शौल राजा तीन हजार माणसे घेऊन दावीदाच्या मागावर होता (१ शमुवेल २४). एन-गेदीच्या रानात तो एकटाच एका गुहेत शिरला. त्याच गुहेत आत दावीद आणि त्याची माणसे लपली होती. ‘देवाने शत्रू तुझ्या हाती दिला आहे, हाच तो दिवस,’ असे सोबती दावीदाला सांगू लागले. राज्य आपल्याला मिळणार हे दावीदाला ठाऊक होते. शमुवेलाने त्याचा अभिषेक केलेला होता. तरी त्याने फक्त शौलाच्या झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. राज्य हवे होते, पण खून करून नको होते. म्हणून तो थांबला.

जी संधी घेण्यासाठी खोटे बोलावे लागते, कुणाचा हक्क मारावा लागतो किंवा दिलेला शब्द मोडावा लागतो, ती कितीही मोठी असली तरी सोडून द्यावी. तिथे फार विचार करण्याची गरजच नाही.

सोयीची वेळ येतच नाही

याच्या उलट उदाहरण फेलिक्सचे आहे (प्रेषितांची कृत्ये २४). हा यहुदियाचा रोमी सुभेदार. कैदेतल्या पौलाला तो बोलावून घेई आणि त्याचे बोलणे ऐके. पौल नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यांविषयी बोलू लागला, तेव्हा फेलिक्स घाबरला. ‘आता जा, सवड झाली की बोलावीन,’ असे म्हणून त्याने विषय मिटवला. पुढेही तो पौलाला बोलावत राहिला, पण लाच मिळेल या आशेने. अशी दोन वर्षे गेली, त्याच्या जागी दुसरा सुभेदार आला आणि पौल कैदेतच राहिला.

दावीदही थांबला आणि फेलिक्सही थांबला. दावीद वाईट गोष्ट टाळण्यासाठी थांबला, तर फेलिक्सने चांगली गोष्ट टाळली आणि त्या टाळण्याला ‘सवड नाही’ हे नाव दिले. आपण थांबतो तेव्हा या दोघांपैकी कुणासारखे थांबतो, हे प्रामाणिकपणे पाहावे.

मुदत ठरवून थांबणे

संत इग्नेशियस लोयोला आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर नवस केला. पवित्र भूमीत जाऊन सेवा करायची ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. पण त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवून ठेवली होती. व्हेनिसमध्ये वर्षभर जहाजाची वाट पाहायची. नाहीच मिळाले, तर रोमला जाऊन पोपमहोदय पाठवतील तिथे जायचे.

१५३७ साली ते व्हेनिसमध्ये जमले. त्याच वर्षी व्हेनिस आणि तुर्क यांच्यात युद्ध पेटले आणि यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. त्या काळात ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. इस्पितळांत त्यांनी रोग्यांची सेवा केली, काहींना गुरुदीक्षा मिळाली. मुदत संपल्यावर, १५३८ साली, त्यांनी स्वतःला पोप तिसरे पॉल यांच्या हाती सोपवले.

पुढे मार्च १५४० मध्ये भारतात जाण्यासाठी नेमलेला एक सोबती आजारी पडला. त्याच्या जागी फ्रान्सिस झेवियर यांना विचारण्यात आले. एका दिवसात तयारी करून ते निघाले आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात पोहोचले. पवित्र भूमीला जाण्याचे त्यांचे स्वप्न पूर्ण झाले नाही. पण त्यामुळेच आपल्या किनाऱ्याला हा संत लाभला.

निर्णय घेताना

‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात संत इग्नेशियस यांनी निर्णय घेण्याच्या काही रीती सांगितल्या आहेत. त्या घरीही वापरता येतात.

१. कागद घ्या. संधी स्वीकारल्यास होणारे फायदे-तोटे एका बाजूला आणि न स्वीकारल्यास होणारे दुसऱ्या बाजूला लिहा. हे प्रार्थना करून लिहा.

२. अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याच्या भल्यासाठी त्याला काय सांगाल? तेच स्वतःला सांगा.

३. मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल, याचा विचार करा.

४. मन खचलेले, कोरडे झालेले असताना आधी नीट घेतलेला निर्णय बदलू नका.

थांबायचेच असेल, तर व्हेनिसची आठवण ठेवा. कशासाठी थांबायचे, किती दिवस थांबायचे, तोवर काय करायचे आणि हवे ते नाही मिळाले तर पुढे काय, ही चार उत्तरे लिहून ठेवा. ती देता येत नसतील, तर ते वाट पाहणे नव्हे, नुसते लांबवणे आहे. हातात आलेले काम प्रामाणिक असेल आणि ‘याहून चांगले’ म्हणजे नक्की काय हे कुणालाच सांगता येत नसेल, तर ते देवाचे नाव घेऊन स्वीकारावे.

आईवडिलांनाही एक विनंती. सल्ला अवश्य द्या, पण शेजाऱ्यांच्या मुलाला काय मिळाले, त्यावरून आपल्या मुलाचे ‘चांगले’ ठरवू नका.

कुटुंबात चर्चेसाठी

- सध्या आपल्या घरात कोणता निर्णय लांबला आहे? तो कशामुळे लांबला आहे?
- त्याला आपण मुदत ठरवली आहे का?
- ज्याचा तो निर्णय आहे, त्याचे म्हणणे आपण पूर्ण ऐकून घेतले आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, थांबायचे असेल तेव्हा आम्हाला धीर दे आणि निघायचे असेल तेव्हा धैर्य दे. या दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी तुझा पवित्र आत्मा आमच्या घरात सदैव राहो. आमेन.