ग्रंथालयशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : मुलाखत आणि निवड

नांदूरघाट व परिसरातील अनेक घरांत आज पदवीधर मुले-मुली आहेत. पदवीनंतर काय, हा प्रश्न आला की बी.एड., स्पर्धा परीक्षा आणि पोलीस भरती या वाटा चटकन सुचतात. ग्रंथालय व माहितीशास्त्र हीही एक सन्मानाची वाट आहे, हे मात्र फार थोड्या पालकांच्या कानी येते. ज्यांच्या कानी येते त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो. अभ्यासक्रम अनेक आहेत, तेव्हा त्यांतील कोणता घ्यावा? मुलाखतीला बोलावणे आले तर तिला सामोरे कसे जावे? या दोन प्रश्नांचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेचे स्मरण

ग्रंथपालनाचे रीतसर शिक्षण देणारी जगातील पहिली शाळा मेल्व्हिल ड्युई यांनी १८८७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात काढली. भारतात असा वर्ग १९११ साली बडोद्यास सुरू झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी त्यासाठी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले होते. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधताना त्यांनी ग्रंथसंग्रहाच्या जागेचाच विचार आधी केला. अशा महापुरुषास गुरू मानणाऱ्या समाजातून उत्तम ग्रंथपाल निर्माण व्हावेत, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

वाटा कोणत्या?

कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर हे शिक्षण घेता येते. बहुतेक विद्यापीठांत एक वर्षाची बी.लिब. व त्यानंतर एक वर्षाची एम.लिब. अशी रचना असते. काही ठिकाणी दोन वर्षांचा सलग अभ्यासक्रम असतो. आपल्या दृष्टीने त्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार जवळच्या विद्यापीठाचा. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात ग्रंथालय व माहितीशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. पुणे, मुंबई व नागपूर येथील विद्यापीठांतही असे विभाग आहेत. केवळ मुलींसाठी मुंबईचे एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ आहे. येथे प्रवेश प्रामुख्याने गुणांवर अथवा प्रवेश परीक्षेवर ठरतो.

दुसरा प्रकार मुलाखत घेणाऱ्या संस्थांचा. बंगळुरूचे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली स्थापिले. तेथील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास लेखी परीक्षा व मुलाखत अशा दोन पायऱ्या आहेत. शिक्षणशुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही प्रवेश परीक्षेच्या जोडीला मुलाखत घेण्याची पद्धत राहिली आहे.

तिसरा प्रकार मुक्त शिक्षणाचा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ येथून नोकरी सांभाळत ही पदवी घेता येते. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले आहे. उणीव राहते ती प्रत्यक्ष सरावाची. ती विद्यार्थ्याने एखाद्या ग्रंथालयात काम करून भरून काढावी लागते.

शेवटचे ठिकाण आधी पाहावे

महाविद्यालयीन ग्रंथपाल होण्यासाठी पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुण आणि सामान्यतः नेट किंवा सेट परीक्षेतील यश आवश्यक असते. अनुसूचित जाती-जमाती व नॉन-क्रिमीलेयर इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांस गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. केवळ बी.लिब. करून थांबणारास हे दार उघडत नाही. १९६७ च्या कायद्यान्वये मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक ग्रंथालये गावोगावी आहेत. परंतु लहान वर्गाच्या ग्रंथालयातील मानधनावर संसार चालणे कठीण. हे पालकांस आधीच सांगितलेले बरे.

म्हणून आमचे मत असे की, शहराच्या नावावरून अभ्यासक्रम निवडू नये. जो अभ्यासक्रम आपले घर शेवटच्या वर्षापर्यंत पेलू शकेल आणि जो एम.लिब. व नेट-सेटपर्यंत नेऊन सोडील, तोच आपल्यासाठी श्रेष्ठ होय.

मुलाखतीस सामोरे जाताना

१९२४ साली मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदासाठी गणिताचे एक तरुण अध्यापक मुलाखतीस गेले. ग्रंथालयांविषयी त्यांचे ज्ञान म्हणजे काही दिवसांपूर्वी विश्वकोशात वाचलेला एक लेख, एवढेच होते. त्यांची निवड झाली. ते पुढे लंडनला जाऊन हे शास्त्र शिकले आणि भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक ठरले. ते म्हणजेच डॉ. रंगनाथन. प्रवेशाच्या मुलाखतीत पूर्ण ज्ञानाची अपेक्षा नसते. विचार करण्याची सवय व शिकण्याची तयारी पाहिली जाते, हे यावरून ध्यानी यावे.

‘या विषयाकडे का वळलात?’ हा प्रश्न बहुधा येतोच. ‘मला वाचनाची आवड आहे’ हे उत्तर सारेच देतात. ग्रंथपालाचे काम स्वतः वाचण्याहून अधिक दुसऱ्याच्या हाती योग्य ग्रंथ वेळेवर देण्याचे आहे. आपल्या गावात कोणाला कोणती माहिती मिळत नाही, हे सांगणारे उत्तर अधिक वजनदार ठरते. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबातील मुलांना वाचायला काय मिळते, पीकविम्याचा अर्ज भरताना शेतकरी कोणाला विचारतो, शिष्यवृत्तीची मुदत विद्यार्थ्यास कशी कळते, हे सारे माहितीशास्त्राचेच प्रश्न आहेत. बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्यास ते पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. आपला अनुभव ही मुलाखतीतील उणीव नसून भांडवल आहे.

विषयाची तोंडओळख मात्र हवी. रंगनाथन यांचे १९३१ साली ग्रंथरूपाने आलेले पाच सिद्धांत, ड्युई यांची दशांश वर्गीकरण पद्धती, रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धती, तसेच ‘कोहा’ व ‘सोल’ या संगणकीय आज्ञावली यांची नावे व उपयोग ठाऊक असावेत. सरावासाठी एक प्रश्न आम्ही सुचवितो. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ कपाटात कोठे लावाल? ड्युई यांच्या पद्धतीत धर्म या विषयाच्या दोनशे ते दोनशे नव्व्याण्णव या क्रमांकांपैकी बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली असून बौद्ध धम्मास २९४.३ एवढा कोपरा मिळतो. रंगनाथन यांच्या पद्धतीत मात्र बौद्ध धम्मास मुख्य धर्मांच्या रांगेत स्वतंत्र चौथे स्थान आहे. ग्रंथांची मांडणीही एक दृष्टी घेऊन येते, हे ज्याने ओळखले त्याला या शास्त्राचे मर्म गवसले.

भाषेचे भय अनेकांस वाटते. प्रश्न नीट कळला नाही तर तो पुन्हा विचारावा. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असे शांतपणे म्हणावे. साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत बोलण्याचा सराव महिनाभर रोज अर्धा तास केल्यास पुष्कळ फरक पडतो.

आपणही प्रश्न विचारावेत

मुलाखत एकतर्फी नसते. प्रवेश देणारी संस्था आपणास पारखते, तसे आपणही तिला पारखावे. मुलाखतीत अथवा विभागात जाऊन पुढील गोष्टी नम्रपणे विचाराव्यात :

१. विभागात कायमस्वरूपी अध्यापक किती आहेत?
२. संगणकावर ग्रंथालय आज्ञावलीचा प्रत्यक्ष सराव मिळतो काय?
३. एखाद्या ग्रंथालयात कार्यानुभवाची सोय आहे काय?
४. गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थी नेट-सेट उत्तीर्ण झाले?
५. वसतिगृह मिळेल काय? शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत शुल्क थांबते काय?
६. प्रवेश रद्द केल्यास शुल्क किती व केव्हा परत मिळते?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जवळच्या विद्यापीठाचा प्रवेश आधी निश्चित होतो आणि दूरच्या संस्थेचा निकाल मागाहून लागतो, असे पुष्कळदा घडते. मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडवून ठेवू नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१८ चा आदेश आहे. तो माहीत असलेला विद्यार्थी पहिली जागा राखून दुसरीची वाट पाहू शकतो.

निवडीचा एक नमुना

समजा, एका मुलीस बंगळुरूस व संभाजीनगरास असे दोन्हीकडे प्रवेश मिळाले. तिला संगणकाची गोडी आहे आणि विद्यावेतनावर तिचा खर्च निघतो. अशा वेळी अंतराच्या भयाने तिला रोखणे योग्य नव्हे. समजा, दुसऱ्या मुलाच्या घरी तोच मिळवता आहे. त्याने मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यावी, सुटीच्या दिवशी तालुक्याच्या ग्रंथालयात काम शिकावे आणि नेट-सेटची तयारी सोडू नये. दोघांची निवड भिन्न असली तरी दोन्ही योग्यच आहेत.

पालक व माजी विद्यार्थ्यांस विनंती

प्रवेशाचे दिवस जून-जुलैचे. कागदपत्रांच्या त्रुटी निघतात त्या मात्र पुढे, आई-वडील तोडीवर गेल्यावर. म्हणून उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, रहिवासी दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही कामे पावसाळ्यातच उरकावीत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांचे नियम समाजकल्याण कार्यालयात समक्ष विचारावेत. राज्याबाहेर शिकावयाचे असल्यास तर अवश्य विचारावेत.

उचल घेण्याचा आणि प्रवेश घेण्याचा काळ एकच येतो. त्या आठवड्यांत घरातील पदवीधर मुलीचे शिक्षण थांबवून लग्नाची बोलणी सुरू होऊ नयेत, एवढे पालकांनी पाहावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे ग्रंथालयांत वा महाविद्यालयांत आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेत येऊन सराव मुलाखती घ्याव्यात. त्यासाठी दोन खुर्च्या, एक मेज आणि वर दिलेले प्रश्न एवढेच साहित्य लागते.