दुखापतीनंतर परितारिकेत वाढणारी पुटी

बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. भोवताली केळी-कापसाची शेती. मागावरून उसळलेला धोटा, तारेचे टोक, बाभळीचा काटा, पोरांची विटी, डोळ्याला इजा करणाऱ्या वस्तूंना येथे तोटा नाही. जखम भरली, लाली ओसरली की ती विसरली जाते. काही वेळा मात्र महिन्यांनी, क्वचित कित्येक वर्षांनी, त्या डोळ्यात पाण्याच्या फोडासारखी एक पुटी दिसू लागते. पेशीविभाजन शिकविताना मी तिचे उदाहरण वर्गात नेहमी देतो.

डोळ्याच्या दर्शनी भागी काचेसारखे पारपटल असते. त्यामागे जो रंगीत पडदा दिसतो आणि ज्याच्या मध्यभागी बाहुलीचे छिद्र असते, ती परितारिका. पारपटलाच्या बाहेरील अस्तर सतत झिजते व भरून येते. म्हणजे त्यातील पेशींची विभाजनक्षमता दांडगी. टोकदार वस्तू पारपटल भेदून आत शिरताना यातील काही पेशी सोबत नेते. परितारिका रक्तवाहिन्यांनी भरलेली, तेव्हा पेशी तेथे रुजतात आणि द्रवाने भरलेली पातळ भिंतीची पुटी तयार होते. पापणीचा केस आत गेल्यास त्याच्या मुळाशी असलेल्या पेशींपासून मोत्यासारखी पांढरी, घट्ट पुटी होते. ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी यांनी १८३० मध्येच अशा पुटीचे वर्णन केले होते.

येथे एक गंमत पाहा. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले ॲक्रिलिकचे तुकडे पुष्कळदा निमूट पडून राहिले. त्यावरून हॅरल्ड रिडली यांना कृत्रिम भिंगाची कल्पना सुचली व १९४९ मध्ये त्यांनी ते लंडनमध्ये प्रथम बसविले. परके प्लॅस्टिक डोळा सोसतो. उपद्रव देते ती आपलीच पेशी, भलत्या जागी गेलेली!

पुटी लहान असून वाढत नसेल तर तिच्यावर नुसती नजर ठेवतात. वाढली तर बाहुली झाकते, पारपटल गढूळ होते, द्रवाचा निचरा अडून काचबिंदू उद्‌भवतो. मग सुईने फोडून का टाकू नये, असे विद्यार्थी विचारतात. द्रव गेला तरी भिंतीतील पेशी जिवंतच असतात. पुटी पुन्हा भरते. त्याहून वाईट म्हणजे सुटलेल्या पेशी डोळ्याच्या आत चादरीसारख्या पसरू शकतात, आणि ती वाढ आवरणे फार कठीण. म्हणून द्रव काढून पुटीत शुद्ध अल्कोहोल थोडा वेळ भरतात व पुन्हा शोषून घेतात. त्याने अस्तरच मरते. लेसरचाही उपयोग करतात. मोठी पुटी परितारिकेच्या तुकड्यासह कापून काढावी लागते, परंतु त्यात डोळ्याची हानी अधिक.

नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर जुनी इजा, मग ती लहानपणची का असेना, अवश्य सांगावी. परितारिकेत कर्करोगाची गाठही होऊ शकते, आणि समोर दिसते ती गाठ की पुटी, हे ठरविताना सोनोग्राफीइतकाच त्या माहितीचाही उपयोग होतो.