पेंटबॉलची टाकी थंडीत मलूल का होते?

जानेवारीतल्या इंग्लिश रानात पेंटबॉल खेळलेल्यांचा अनुभव ठरलेला असतो. पहिल्या काही गोळ्या सपासप जातात, नंतरच्या समोरच्या झाडापर्यंतही पोचत नाहीत. मग 'टाकीत काहीतरी बदल करू' असं घरातलं पोरगं म्हणू लागतं. त्याच्या हाती पाना देण्याआधी टाकीत काय चाललंय ते बघा.

1981 साली अमेरिकेत पहिला खेळ झाला तेव्हापासून या बंदुकांना कार्बन डायऑक्साइडची साथ आहे. टाकीत तो बराचसा द्रवरूपात असतो, आणि द्रव शिल्लक आहे तोवर दाब ठरतो तो तापमानावर. टाकी किती भरलीय याचा इथे संबंध नाही. 20 अंश सेल्सिअसला दाब सुमारे 57 बार, शून्याला सुमारे 35. म्हणजे मोठी टाकी लावली तर गोळ्या जास्त मिळतील, जोर तोच राहील. शिवाय प्रत्येक गोळीमागे थोडा द्रव उकळतो आणि लागणारी उष्णता स्वतःतूनच घेतो. भराभर गोळ्या झाडल्या की टाकीवर दव धरतं ते म्हणूनच.

मग टाकी गरम करायची? आपल्याकडे संपत आलेला गॅस सिलिंडर गरम पाण्यात ठेवणारे असतात, तसं? अजिबात नको. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजात थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 साली दाखवलं की सुमारे 31 अंशांच्या वर हा वायू कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्यापुढे भरलेल्या टाकीतला दाब झपाट्याने चढतो. तो सोडून देण्यासाठी व्हॉल्व्हमध्ये पातळ चकती असते; ती फुटावी म्हणूनच बसवलेली असते. तिच्या जागी जाड चकती घालणं म्हणजे टाकीचाच बॉम्ब करणं.

सिलिंडर आडवा केला की द्रव बाहेर येतो. बंदुकीला आडव्या लावलेल्या टाकीतही तेच होतं. द्रव आत शिरला की गोळीचा वेग एकदम उसळतो, रबरी सील गोठतात. यावर खरा उपाय आहे: टाकीच्या आत वर वळवलेली नळी, जी फक्त वायू उचलते. पण ती बसवायला व्हॉल्व्ह काढावा लागतो, आणि नीट न बसलेला व्हॉल्व्ह सुटून टाकी रॉकेटसारखी उडाल्याने अमेरिकेत जीव गेले आहेत. हे काम दुकानातल्या तंत्रज्ञाचंच. घरी जमेल असा पर्याय म्हणजे तयार लवचीक नळी घेऊन टाकी पाठीवर उभी बांधणे.

माझं मत विचाराल तर दाबलेली हवा घ्या. 200 किंवा 300 बारची हवा द्रव होत नाही, आणि रेग्युलेटर दाब एकसारखा देतो, थंडी असो वा नसो. मात्र त्यासाठी बाटली वेगळी लागते. जुन्या बाटलीत ही हवा भरू नका, ती सहसा एवढ्या दाबासाठी घडवलेली नसते. विकत घेताना बाटलीवर कोरलेली चाचणीची तारीखही वाचा, आणि नव्या टाकीने पहिली गोळी झाडण्याआधी मैदानावरच्या यंत्रावर वेग मोजून घ्या.