हुकूम आणि जबाब

चि. भाचीस,

तुझे पत्र पावले. व्ही.आर.डी.ई.सारखी वाहनसंशोधन संस्था आणि चिलखती दळाचे प्रशिक्षणकेंद्र ज्या गावात आहे, त्या आपल्या नगरातच वाहनांच्या नियंत्रकांची परीक्षा घेणारी आज्ञावली लिहिण्याचे काम तुझ्याकडे यावे, याचा मला मोठा संतोष वाटतो. मात्र सोबत पाठविलेला कोडचा नमुना वाचल्यावर काही गोष्टी विस्ताराने लिहिणे अगत्याचे झाले.

नियंत्रकाला द्यावयाची आज्ञा एका फाइलीत, तिचे उत्तर दुसऱ्या फाइलीत आणि दोहोंची सांगड केवळ तुझ्या स्मरणात, अशी तुझी व्यवस्था आहे. आमच्या कचेरीत बारनिशीचा कारकून जावक क्रमांक घातल्यावाचून कागद बाहेर सोडीत नसे, कारण आलेल्या जबाबावर तो क्रमांक नसला, तर कागद कोणत्या प्रकरणात लावावा याची मोठमोठ्या अंमलदारांनाही उमज पडत नसे. आयएसओ १४२२९ या मानकाच्या कर्त्यांनी वाहनांना हाच न्याय लावला आहे. आज्ञेला ते ‘सेवा’ म्हणतात. षोडशमान गणनेतील २२ या सेवेने माहिती मागितली, तर होकाराचे उत्तर ६२ ने सुरू होते, म्हणजे सेवेच्या क्रमांकात ४० मिळविले की तिचा जबाब सापडतो. नकार असेल तर प्रथम ७एफ, त्यामागून मूळ सेवेचा क्रमांक आणि शेवटी नकाराचे कारण. मानकाने इतकी नेमकी जोडणी करून दिली असता ती आपल्या कोडमध्ये विस्कटू देणे ही मी निव्वळ हयगय समजतो.

यास्तव सेवेचे नाव, आज्ञेचा क्रमांक, जबाबाचा क्रमांक आणि जबाब हाताळणारे फंक्शन एका ओळीत लिहून अशा सर्व जोड्यांची एकच यादी स्वतंत्र फाइलीत ठेव. ती फाइल ‘इन्क्लूड’ करण्यापूर्वी ‘डिफाइन’ने तिच्या ओळींचा अर्थ एकदा आज्ञांचा एनम असा, तर दुसऱ्या खेपेस जबाबांचा तक्ता असा ठरवून घे, आणि दर वेळी ‘अनडेफ’ करून मोकळी हो. सी भाषेतील मंडळी यास एक्स-मॅक्रो म्हणतात. नवी आज्ञा आली की एकच ओळ वाढते, आणि जिच्या जबाबाचा रकानाच लिहावयाचा राहिला, अशी आज्ञा कंपायलर पुढे जाऊ देत नाही.

मात्र एका ठिकाणी फार सावध राहा. ‘डिफाइन’सारखे निर्देश पाळणाऱ्या प्रीप्रोसेसरचे काम कंपायलरच्या आधी उरकते, त्यामुळे एनममधील नावे त्यास ठाऊकच नसतात. ‘इफ’च्या अटीत असे नाव आले तर तो कसलीही तक्रार न करता त्याची किंमत शून्य धरतो, आणि ‘दोन किमती जुळत नसतील तर’ अशा अटीच्या दोन्ही बाजू शून्य झाल्या की तू मोठ्या भरवशाने लिहिलेला ‘एरर’चा निर्देश कधीच अंमलात येत नाही. म्हणून असल्या तपासण्या २०११ च्या सी मानकात आलेल्या स्टॅटिक असर्टवर सोपवाव्यात. ‘प्राग्मा पॅक’ वापरलास तर तोही तेथल्या तेथे पूर्ववत कर. नाहीतर त्यानंतर येणाऱ्या परक्या फाइलींतील रचनाही आक्रसतात, आणि असा दोष शोधताना आठवडे जातात.

निर्देशांचा अंमल संकलनापुरताच असतो, हेही विसरू नकोस. ७एफच्या शेवटी ७८ हे कारण आले तर तो नकार नव्हे. आज्ञा मिळाली असून उत्तर तयार होत आहे, एवढीच ती कैफियत होय. (सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या मला ही भाषा फार ओळखीची!) अशा वेळी ५० मिलिसेकंदांची नेहमीची मुदत ५ सेकंदांपर्यंत वाढवून अंतिम जबाबाची वाट पाहावी लागते, आणि हे काम कोणत्याही मॅक्रोकडून होणारे नाही, त्यासाठी प्रलंबित आज्ञांची नोंद चालत्या कार्यक्रमातच ठेवावी लागेल.

दिवाळीस येशील तेव्हा ती यादीची फाइल छापून घेऊन ये. एकेक जोडी मी मानकाशी ताडून देईन.

कळावे.

तुझा मामा