'बायको' म्हणून चिडवतात, म्हणून खेळायलाच जात नाही

प्रश्न : आम्ही लालबागला चाळीत राहतो. शेजारचा मुलगा माझ्या सात वर्षांच्या मुलीला 'माझी बायको' म्हणतो. तिने गॅलरीत खेळणंच सोडलंय. तो सारखा 'शिनचॅन' बघतो. त्याच्या आईला कार्टून बंद करायला सांगू का?

उत्तर : ताई, कार्टूनपासून सुरुवात नको. योशितो उसुई यांनी 'शिनचॅन'ची मूळ चित्रकथा १९९० साली जपानमध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकासाठी सुरू केली, हे मात्र लक्षात असू द्या. पाच वर्षांचा शिनचॅन मोठ्या मुलींच्या मागे, त्याच्या बालवाडीतली आयचान शिनचॅनच्या मागे, त्याचा मित्र मसाओ आयचानसाठी झुरतोय. समोरच्याला हे नको असतं, आणि हसू त्यातूनच येतं. मोठ्यांना ते कळतं, लहानग्यांना नाही. मुलांसोबत एखादा भाग बघा आणि विचारा, "त्याला हे आवडतंय का रे?"

मला जास्त काळजी गॅलरीतल्या मोठ्यांची वाटते. 'जोडी छान आहे हं' असं आपणच हसत म्हणतो, मग पोरं तेच उचलतात. ते आधी थांबवा. मग त्या मुलाच्या आईशी निवांत, एकटीशी बोला. मुलाला सगळ्यांसमोर रागावू नका. तो वाईट नाही, त्याला तिच्याशी खेळायचंय.

मुलीला एक वाक्य मोठ्याने म्हणायला शिकवा : "मला तसं म्हणू नकोस, नावाने हाक मार." भातुकली काही दिवस राहू दे. लगोरी, डबा ऐसपैस मांडा. तिथे नवरा-बायको लागत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही दारात बसा. तरीही तिला जायचं नसेल, तर आग्रह करू नका.